दोन जावा, एक औत

आमच्या विहीणबाई, सुमनबाई, गेली पाच वर्षं मार्गशीर्ष लागला की फोन करतात. "ईनबाई, येळवसेला या." मी दरवर्षी 'बघू' म्हणते, आणि कोकणातल्या माणसाच्या 'बघू'चा अर्थ आता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. यंदा लेक-जावयाला पुण्यात रजा मिळेना, शिवाय सुमनबाईंचा आवाज जरा उतरल्यासारखा वाटला, म्हणून मी एकटीच निघाले. तीस वर्षं पोस्टात काउंटरमागे बसून निवृत्त झालेल्या बाईला निघायला फक्त पिशवी लागते. पाच दिवसांसाठी गेले होते, सतराव्या दिवशी परत आले. शेजारीपाजारी विचारतात, एवढं काय होतं तिकडे? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

येळवसेच्या दोन दिवस आधी

सोलापुरापर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही आणि त्यापुढचा सांगितला तर कंबर पुन्हा दुखेल. सुमनबाईंचं गाव लोहारा तालुक्यात, माकणीच्या धरणाच्या अलीकडे. कोकणातून गेलेल्या माणसाला तिथे पहिल्यांदा दिसतं ते आभाळ. आमच्याकडे आभाळ झाडांच्या फटीतून तुकड्यातुकड्यानं मिळतं. तिथे जमीन तुकड्यातुकड्यानं आणि आभाळ मात्र अख्खं. कंबरेच्या वर आलेली ज्वारी, मधेच हरभऱ्याचे पट्टे, करडईचे काटे, आणि लांबवर धरणाच्या पाण्याची चकाकी. रानातली पायवाट मला काही पहिल्या फटक्यात जमली नाही. एका ढेकळावरून पाय सरकून मी सरळ हरभऱ्यात बसले. सुमनबाई हसल्या नाहीत. नंतर घरात जाऊन हसल्या, ते मला ऐकू आलं.

सुमनबाई साठीच्या, हडकुळ्या, एकट्या. मालक गेल्यापासून शेत त्याच बघतात. घर रानातच, विहिरीला लागून. घरामागे गोठा, गोठ्यात पाखऱ्या नावाचा एक बैल आणि शेवरी नावाची देवणी जातीची गाय. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, लांब लोंबते कान आणि पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं. "पंधरा-इस दिसांवर आलीया," सुमनबाई म्हणाल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांच्या घरातली ही शेवटची देवणी. आधीच्या तीन एकेक करून विकल्या, एवढ्याशा जागेत कुठे ठेवणार म्हणून. "हिच्या पोटची कालवड झाली तर आमच्या आजेसासूच्या गाईचा वंश ऱ्हातो. न्हायतर बंद झाला म्हणायचं." फोनवरचा आवाज का उतरला होता ते मला तेव्हा कळलं.

आजेसासऱ्यांचं एकच मोठं रान होतं. त्याचे पुढे सहा वाटे झाले. कुणावर अन्याय नको म्हणून वरच्या मुरमाड रानाचे सहा तुकडे केले, खालच्या काळ्या रानाचे वेगळे सहा, आणि चिठ्ठ्या टाकल्या. न्याय इतका चोख झाला की सुमनबाईंचं घर-गोठा वर आला, पिकाचं काळं रान खाली नाल्याकडे गेलं, आणि दोन्हींच्या मधे त्यांच्या धाकट्या जावेची, कौसाबाईंची, पट्टी आली. त्या पट्टीच्या कडेनं खाली उतरायला बैलगाडीच्या रुंदीचा बांध ठेवला होता. आता त्यावर माझा एक पाय मावतो, दुसरा आधी उचलावा लागतो.

"कुठं गेला बांध?" मी विचारलं.

"तिच्या नांगरानं खाल्ला," सुमनबाई म्हणाल्या. "दर साली एक तास." तास म्हणजे नांगराची एक ओळ.

आमच्याकडे कोकणात सातबाऱ्यावर मेलेल्यांची नावं जिवंतांपेक्षा जास्त असतात आणि एका फणसाला चार मालक असतात, त्यामुळे वाटणीच्या गोष्टीत मला कुणी काही शिकवू नये. पण आमचे गडगे दगडाचे. ते खाता येत नाहीत. इथे बांध गेला तसं त्यावरचं गवत गेलं. गायरानावर घरं उठली. मग जनावरं चारायची कुठे? सहाही घरांनी आपापली जनावरं विहिरीभोवती ओळीनं बांधली, भिंतीला भिंत लावून. पाणी पाजायला हौद एकच. तो वाटता आला नाही म्हणून राहिला.

आणि औत. तीन-चार एकरांवर बैलजोडी कोण पोसणार? म्हणून प्रत्येकाचा एकच बैल. माझा एक, तुझा एक, दोन्ही एका जुवाला. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या. याला तिकडे वारंगुळा म्हणतात. सुमनबाईंच्या पाखऱ्याचा जोडीदार कोण, तर कौसाबाईंचा हौश्या.

"पण तुम्ही तर एकमेकींशी बोलत नाही," मी म्हटलं. अकरा वर्षांचा अबोला आहे, हे लेकीनं मला आधीच सांगून ठेवलं होतं.

"आमी बोलत न्हाय," सुमनबाई म्हणाल्या. "बैलांचं काय भांडण हाय?"

ते कसं चालतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. कौसाबाई हौश्याला घेऊन आल्या. ठेंगण्या, सावळ्या, कपाळावर भलं मोठं कुंकू. त्यांचे यजमान साखर कारखान्यावर कामाला, हंगामात आठवड्याला एकदा येणार, त्यामुळे घरचं सगळं त्यांच्याच अंगावर. कासरा त्यांनी खुंटाला अडकवला आणि बैलाच्या कानाशी म्हणाल्या, "हौश्या, दुपारपातुर मोकळा हो रं बाबा. मला बी कोळपायचंय."

सुमनबाईंनी मान वर केली नाही. "पाखऱ्या," त्या आपल्या बैलाला म्हणाल्या, "दुपारपातुर काय व्हतंय? सांज व्हईल म्हणावं."

"सांज म्हणजी दिवा लागायच्या आत, हौश्या."

"बघू म्हणावं, पाखऱ्या."

दोन्ही बैल शहाण्यासारखे ऐकत होते. मी पोस्टात इतकी वर्षं निरोप पोचवले, पण इतकी चोख बटवड्याची पद्धत पाहिली नव्हती. आमच्याकडे भांडण झालं की माणसं तोंड उघडतात, मिटत नाहीत. मला ही रीत फार आवडली आणि मी ती बघत दाराशी चहा थंड केला.

येळवस

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. खालच्या काळ्या रानात सुमनबाईंनी आदल्या दिवशीच कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केली होती, वरून जुनं लुगडं पांघरलेलं, आत पाच दगड चुन्या-कावेनं रंगवून पांडव म्हणून मांडलेले. सकाळी त्या आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन पुढे, मी मागे भज्जीचं पातेलं घेऊन, त्या वीतभर बांधावरून. पातेलं सांभाळलं, चप्पल एक राहिली चिखलात.

भज्जी म्हणजे आमची भजी नव्हेत. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, हाताला लागेल ती पालेभाजी, बेसन लावून शिजवलेलं एक घट्ट सुख आहे. बरोबर बाजरीचे उंडे म्हणजे उकडलेले गोळे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर, आणि वर तांब्याभर थंड आंबील. पूजेनंतर पिकावर आंबील शिंपडत कोपीभोवती फेरे घालतात आणि काहीतरी ओरडतात, त्यातले अर्धे शब्द कानडी. अर्थ विचारला तर कुणालाच सांगता आला नाही, पण ओरडण्यात कुणी कमी पडलं नाही.

त्या दिवशी जेवायला बोलावलं तर नाही म्हणायचं नसतं. आमच्याकडे पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा बसायचं. इथे पहिल्यांदाच बसायचं. त्यामुळे कौसाबाईंनी त्यांच्या कोपीतून "पाव्हण्या, उंडं खायाला या" अशी हाक घातली तेव्हा मी सुमनबाईंकडे पाहिलं. त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या, "जावा. तुमचं कशाला भांडण."

मी गेले, जेवले, आणि येताना हौश्या बांधलेला दिसला म्हणून उरलेला उंडा त्याच्यापुढे धरला. हौश्यानं तो हुंगला आणि तोंड फिरवलं. माझ्या हाताला लाळ लागली, लांब, चिकट तार. मी पदराला हात पुसला, वर आले आणि गोठ्यात शेवरीची मान खाजवली, कारण ती मान पुढे करते आणि मला ते आवडतं. मग सहज म्हटलं, "हौश्या उंडा खात नाही. लाळ फार गळतेय त्याची."

सुमनबाईंच्या हातातली परात खाली गेली.

"कंच्या हातानं शेवरीला शिवलाव?" त्यांनी विचारलं. मी हात पुढे केला. त्यांनी तो हात धरला, विहिरीवर नेला आणि साबण लावून कोपरापर्यंत घासला, माझ्या लेकीचा लहानपणी मी घासायची तसा. मला रडू आलं.

सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई दिवस मावळायच्या आत स्कूटरवरून आल्या. तरुण पोर, पायात गमबूट. हौश्याचं तोंड उघडून जिभेवरचे फोड पाहिले, खूर उचलून बेचकीत पाहिलं. लाळ्या-खुरकूत. मग विचारलं, "लस दिली नव्हती का?"

इथे सगळं उघडं पडलं. लस टोचणारे आले होते त्या दिवशी दोन्ही बैल सुमनबाईंच्या काळ्या रानात औताला होते. कौसाबाईंना वाटलं, तिकडेच टोचून घेतील दोघांना. सुमनबाईंना वाटलं, ज्याचा बैल त्यानं सांगितलं असेल, आणि टोचणारे खालीही येतील. विचारायचं कुणी? ती गोष्ट बैलांमार्फत विचारण्यासारखी नव्हती. आणि शेवरी गाभण, दिवस भरत आलेले, म्हणून तिला लस नको असं ठरलेलं. सहा गोठ्यांतली बाकी सगळी जनावरं टोचली गेली, ही तिघं राहिली.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोरासमोर उभं केलं. "मोठं जनावर यातून तरतं," त्या म्हणाल्या. "खंगतं, पण तरतं. गाभण गाय गाभडू शकते. आणि वासरू जन्मल्यावर हा रोग लागला तर त्याचं काळीजच बंद पडतं. पाखऱ्या आठवडाभर ह्याच्या जुवाला होता, आज-उद्या त्यालाही येणार. शेवरी आत्ता नीट आहे. तिला इथून हलवा, एकवीस दिवस. आजारी जनावराचं करणाऱ्यानं तिच्याकडे फिरकायचं नाही, आणि तिचं करणाऱ्यानं इकडे."

"कुठं हलवू?" सुमनबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी एका ओळीतले सहा गोठे पाहिले, मधला एकुलता हौद पाहिला. "वेगळं बांधा असं सांगायला मला काय जातं, मावशी," त्या हळूच म्हणाल्या. "वेगळी जागा कुठल्याच रानात दिसत नाही मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी

जागा होती. खालच्या रानातली येळवसेची कोप. तिथे नाल्याचं पाणी होतं, शेजारी एकही जनावर नव्हतं. पण जायचं कसं? रस्त्यानं जावं तर सहाही गोठ्यांच्या तोंडावरून. बांधावरून जावं तर एवढ्याशा धारेवरून भरल्या पोटाची गाय नेणार कशी? घसरली तर रोगाची वाटच बघायला नको. उरला मधला हरभरा. कौसाबाईंचा, फुलोरा सरून घाटे धरलेला.

सुमनबाई उजाडताच उठून दोन गोठ्यांमधल्या भिंतीशी गेल्या. पलीकडे कौसाबाई तुरटीच्या पाण्यानं हौश्याचं तोंड धूत होत्या. "हौश्या," सुमनबाईंनी सवयीनं सुरुवात केली. हौश्यानं मान खाली घातलेली, तोंडाला फेस. मी मागे उभी होते, मला त्यांची पाठ दिसत होती. ती पाठ एकदा ताठ झाली आणि मग सैल पडली.

"कौसा," त्या म्हणाल्या. "गाय खाली न्यायची हाय. वाट दे."

कौसाबाईंनी बैलाचं तोंड सोडलं. हात धुतले, आणि आत गेल्या. सुमनबाई परतल्या आणि ओट्यावर बसल्या. "झालं," म्हणाल्या, "आता म्या काय करू?" मला त्या बाईचा, कौसाबाईंचा, इतका राग आला की काय सांगू. मनातल्या मनात मी तिला आमच्या गावातल्या निवडक शिव्या घातल्या.

तेवढ्यात रानातून कापल्याचा आवाज आला. आम्ही कोपऱ्यावर जाऊन पाहिलं. कौसाबाई धुतलेलं लुगडं नेसून, हातात विळा घेऊन, बांधाला लागून खाली बसल्या होत्या आणि आपला घाट्यातला हरभरा मुळाशी कापत पुढे सरकत होत्या. जुना बांध जेवढा रुंद होता तेवढीच पट्टी. कापलेला हरभरा बाजूला रचत होत्या. सुमनबाईंनी विळा आणायला पाऊल उचललं, तशा त्या न बघता म्हणाल्या, "नगं. तुमी गाईपाशी थांबा."

सूर्य वर येईपर्यंत वाट खालपर्यंत गेली. वाटेच्या तोंडाशी कौसाबाईंनी घमेल्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी ओतून ठेवलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं, आणि लांब जाऊन उभ्या राहिल्या. सुमनबाईंनी पाय बुडवले, मी बुडवले, आणि शेवरीला हळूहळू त्या वाटेनं उतरवलं.

कोपीतले दिवस

सुमनबाई कोपीतच राहिल्या. मी घरून भाकरी करून न्यायची. आमच्या तांदळाच्या भाकरीवर वाढलेल्या माझ्या हाताला ज्वारी जुमानेना. पहिल्या दिवशी भाकरी मधोमध चिरली. "ईनबाई, हिचे बी वाटे केलेत व्हय?" सुमनबाई म्हणाल्या. त्या दिवसांत त्या तेवढ्या एकदाच हसल्या.

मी रोज शेवरीचं तोंड बघायची. लाळ आहे का, चारा खाते का, पाय झटकते का. माझ्या हातानं काही केलं असेल तर, हा विचार भाकरी थापतानाही जायचा नाही. एकदा सुमनबाईंना तसं म्हटलंही. "तुमचा हात एका दिसाचा," त्या म्हणाल्या. "आमी दोघीनं अकरा वर्सं काय केलं? तिनं बांध कोरला त्या साली म्या तिला इहिरीची पाळी दिली न्हाय. तिचा भुईमूग वाळला उभा. ते म्या कुणाला सांगत न्हाय." मग त्या गाईसाठी पाणी आणायला उठल्या.

तिसऱ्या दिवशी पाखऱ्याच्या तोंडाला फेस आला. सुमनबाई कोपीत, वर येता येईना. मी रोज शेवरीकडे जाणारी, मी काय करणार? मी बैलाकडे आणि बैल माझ्याकडे बघत उभे होतो. कौसाबाई आल्या, पाखऱ्याचं दावं सोडलं आणि त्याला आपल्या गोठ्यात हौश्याशेजारी नेऊन बांधलं. एकाच हातानं दोघांची तोंडं धुवायची, खूर धुवायचे, मऊ आंबील पाजायची. जुवाला जोडी होतीच, आता आजाराला झाली.

त्या संध्याकाळी पहिली हाक आली. कौसाबाई वाटेच्या वरच्या तोंडाशी उभ्या राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडल्या, "आक्का. पाखऱ्यानं आंबील पेली."

कोपीपाशी सुमनबाई उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता पाखऱ्याला निरोप द्यायच्या, पण पाखऱ्या तिथे नव्हता. "किती पेला?" त्यांनी ओरडून विचारलं.

"दोन तांबे."

"आन हौश्या?"

"त्यानं बी."

मग रोजचंच झालं. भिंतीला भिंत लागून होती तेव्हा अकरा वर्षं ज्यांनी एकमेकींकडे तोंड केलं नाही, त्या आता रानाच्या दोन टोकांवरून सकाळ-संध्याकाळ ओरडून बोलत होत्या. खुराचं, चाऱ्याचं, मग हळूहळू नातवाचं, गुडघ्याचं, कोणाच्या लग्नाचं. सगळ्या शिवाराला ऐकू जायचं. वरच्या पट्टीतला एक म्हातारा मला म्हणाला, "लई गप ऱ्हायल्या व्हत्या बाया. आता रेडू लावायचं कामच न्हाय."

बाराव्या दिवशी सकाळी मी भाकरी घेऊन उतरले तर शेवरी आडवी झाली होती आणि सुमनबाई तिच्याजवळ गुडघ्यांवर. मी मदत काय करणार, मी गाईचं डोकं धरलं. उन्हं ज्वारीच्या वर आली तेव्हा वासरू बाहेर आलं. सुमनबाईंनी त्याचं नाक पुसलं, तोंडात बोट घातलं, शेपटी उचलून पाहिली. मग उठून वाटेच्या खालच्या तोंडाशी गेल्या.

"कौसा," त्या ओरडल्या. "कालवड झाली."

वर कौसाबाई होत्याच. मला लांबून त्या मटकन खाली बसलेल्या दिसल्या. मग आवाज आला, पहिल्यांदाच जरा बारीक. "आक्का, म्या येऊ का बघाया?"

सुमनबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही, हात भरलेले होते.

"नगं येऊ," त्या म्हणाल्या. आवाज फुटला म्हणून पुन्हा ओरडल्या. "येऊ नगं, कौसा. नऊ दिस ऱ्हायलेत. तिथंच थांब."

कौसाबाई आल्या नाहीत. पण कालवड तीनदा पडून चौथ्यांदा उभी राहिली आणि शेवरीच्या आचळाला लागली, तोवर त्या तिथून हलल्याही नाहीत.